दुसऱ्या गिअरमधला दत्ताराम

तळेऱ्याच्या पोस्टात मी नऊ वर्षं पोस्टमास्तर होतो. त्या काळात माझी दोन गोष्टींसाठी ख्याती झाली: चटकन भडकणं आणि नको त्या चौकशा करणं. भडकण्याचा मला आज पश्चात्ताप होतो, चौकशांचा मुळीच नाही. चौकशा केल्या नसत्या तर दत्ताराम कलमवाल्याच्या मोटारसायकलीकडे मी दुसऱ्यांदा बघितलंही नसतं.

दत्ताराम आंब्याची कलमं बांधायचा. वैभववाडीच्या रस्त्याने जाताना आत चार-पाच मैलांवर त्याची वाडी. गावठी रायवळ आंब्याच्या कोवळ्या रोपाचा शेंडा छाटायचा, त्यात हापूसची काडी बसवायची आणि पट्टी गुंडाळायची. त्याच्या हातची शंभरातली नव्वद जगायची. पावसाळाभर त्याला गावोगावची बोलावणी असत, आणि त्यातल्या निम्म्या गावांत एस.टी. पोचत नव्हती. कातळाच्या सड्यावरून, ओढ्याच्या व्हाळातून, बैलगाडीच्या चाकोऱ्यांतून जाणाऱ्या त्या वाटांवर त्याचा सगळा भरवसा होता तो त्या मोटारसायकलीवर.

गाडी एका निवृत्त सुभेदाराकडून घेतलेली. जुनी, अवजड, रंगावर इतके रंग चढलेली की टाकीवरचं कंपनीचं नाव कधीच बुजून गेलं होतं. मडगार्डला पत्र्याचं ठिगळ होतं, इंजिनही एकदा बदललेलं. तरी ती चालायची. ८२ साली दत्ताराम झाडावरून पडला आणि त्याचा उजवा गुडघा कायमचा ताठला. झाडावर चढणं संपलं. मग तो जमिनीवर पाय लांब पसरून बसायचा आणि रोपांवरच कलमं बांधायचा. गाडी मात्र त्याने सोडली नाही. मागच्या सीटवर काड्यांचं ओलं पोतं मांडीवर घेतलेली त्याची बायको मथुरा, आणि पुढे ताठ बसलेला दत्ताराम, असं ते जोडपं सोमवारी बाजाराला यायचं. लोक म्हणायचे, पाय गेला पण माणूस गेला नाही. मीही म्हणायचो.

माझा मेहुणा बाबली मालवणला लाँचींची इंजिनं दुरुस्त करतो, मोटारसायकलीही करतो. एकदा तो आमच्याकडे आला असताना पोस्टासमोर ही गाडी उभी होती. त्याने तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, खाली बसून बघितलं आणि मला विचारलं, "भावजी, हो माणूस गिअर कसो घालता?"

"म्हणजे?"

"हिचे गिअर उजव्या पायात आसत. किकपण उजवीकडेच. ब्रेक तेवढो डाव्या पायात. ह्येचो उजवो पाय तर वळणा नाय."

एवढं बोलून बाबली दुपारच्या गाडीने मालवणला निघून गेला, आणि तो किडा माझ्या डोक्यात सोडून गेला.

त्यानंतर मी पाळत ठेवली असंच म्हणायला हवं. पहिली गोष्ट लक्षात आली ती ही की दत्ताराम गाडी नेहमी उताराकडे तोंड करून लावायचा. निघताना मथुरा मागून रेटा द्यायची, गाडी घरंगळायची, तो क्लच सोडायचा आणि इंजिन धडधडायला लागायचं. मग ती धावत जाऊन मागे बसायची. म्हणजे किकचा प्रश्न सुटला. गिअरचाही निम्मा सुटला, कारण तळेऱ्यात ती गाडी कायम एकाच, दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चालायची. पण पुढे काय? वाडीपर्यंत दोन घाट्या होत्या. दुसऱ्या गिअरमध्ये त्या चढणं मला तरी शक्य वाटेना.

मी सरळ विचारलं. तो हसला. "गाडयेक माझा मन कळता, मास्तरानू."

असल्या उत्तरांनी मला राग येतो. मी सकाळचा फेरफटका त्याच्या रस्त्याने सुरू केला. ओढ्यावरच्या मोरीच्या अलीकडे एक वळण आहे. एका सोमवारी तिथे मी कान देऊन उभा राहिलो. लांबून गाडीचा आवाज आला आणि मी चाटच पडलो. पहिला, दुसरा, तिसरा, चढावर परत दुसरा, असे स्वच्छ, न अडखळता बदललेले गिअर! मग वळणापलीकडे आवाज बंद. पाचएक मिनिटं काहीच नाही. आणि मग तीच गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत वळणावरून आली. पुढे दत्ताराम, मागे मथुरा.

"थांबला होतात कशाला?" मी हात करून विचारलं.

"इंजिन वायच थंड केलंय."

पाऊस मुसळधार कोसळत होता. त्याच्या टोपीवरून पाण्याची धार लागली होती. थंड करायला आणखी काय हवं होतं!

एवढं ऐकूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही, याची मला आज लाज वाटते. मथुरेच्या नखांत नेहमी काळं तेल असायचं. साखळी गंजू नये म्हणून बाबलीने तिला होडीला लावतात ते मुशी माशाचं तेल दिलं होतं. ते न्यायला आमच्याकडे तीच आली होती आणि किती थेंब, कितव्या दिवशी, हे तिनेच खोदून खोदून विचारलं होतं. त्या तेलाच्या वासाने तळेऱ्याची झाडून सगळी मांजरं गाडीभोवती जमायची आणि मथुरा त्यांना छत्रीने हाकलायची. हे सगळं मी बघत होतो. पण उत्तर असंही असू शकतं, हेच माझ्या डोक्यात शिरत नव्हतं.

८९ साली नवा कायदा आला. पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची पुन्हा नोंदणी करायची, नाही तर त्या रस्त्यावरून बाद. दत्तारामने अर्ज केला आणि महिन्याभराने त्याला सरकारी पत्र आलं. ते वाचून घ्यायला तो माझ्या खिडकीशी आला तेव्हा मागे मनीऑर्डरवाल्यांची रांग लागली होती आणि माझं डोकं आधीच तापलेलं होतं. मी घाईघाईत वाचलं: "आपल्या वाहनाच्या इंजिनात बदल झाल्याचे दिसून येते. सबब संबंधित कलमाबाबत खुलाशासह वाहन घेऊन शिबिरात समक्ष हजर राहावे."

"कलम?" दत्ताराम म्हणाला.

"होय, कलम! कलम म्हणजे काय ते आता मी तुम्हाला समजावू?"

त्याची मान ताठ झाली. "कलम म्हंजे काय ता माका सांगतास, मास्तरानू? पंचवीस वर्सां कलमाच करतंय मी." आणि पत्र खिशात घालून तो निघून गेला. पुढचा माणूस खिडकीशी आला आणि मी ते विसरलो.

शिबिर तळेऱ्यालाच, विश्रामगृहाच्या आवारात होतं, तेही नेमकं सोमवारी. कुतूहल गप्प बसू देईना, म्हणून दुपारच्या सुट्टीत मी तिकडे गेलो. बाहेर दत्ताराम भेटला. रात्रभर झोपला नसावा असे डोळे.

"गाडी बाद झाली तर संपला, मास्तर," तो म्हणाला. "ह्या पायान त्या घाट्यो चढून खंय जातलंय? कलमा बांधूक माका लोकांच्या दारात जावक व्हया. घरी बसान कोण माझ्याकडे येतलो?"

एवढं स्पष्ट तो कधी बोलला नव्हता.

त्याचं नाव पुकारलं गेलं. मोटार वाहन निरीक्षक घाटावरचे होते, तरुण, इस्त्रीचे. त्यांनी कागद चाळले. "त्या कलमाचं काय?"

दत्तारामने मथुरेकडे बघितलं. तिने पोत्यातून एक हातभर उंचीचं हापूसचं कलम काढून साहेबांच्या टेबलावर, कागदांच्या मधोमध ठेवलं. माती टेबलभर सांडली.

"हे काय?"

"कलम, साहेबानू. पैल्या प्रतीचा. जोड बगा, खंय दिसता काय."

साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. "लाच देता? भर कार्यालयात? आत टाकीन!"

दत्ताराम पांढराफटक पडला. मी तसाच पुढे घुसलो. "साहेब, चूक माझी आहे," असं म्हणून मी सगळं सांगितलं: पत्र, खिडकी, रांग आणि माझा तिरसटपणा. "हा माणूस कलमं बांधतो हो. त्याच्या आयुष्यात दुसरं कलमच नाही. कायद्यालाही कलमं असतात, हे मी त्याला सांगायला हवं होतं."

साहेब आधी माझ्याकडे, मग त्या रोपाकडे बघत राहिले. मग त्यांना हसू आवरेना. शिपायाने तोंड फिरवलं. रोप खाली ठेवलं गेलं, माती झाडली गेली. इंजिन बदलल्याची सुभेदारांची पावती मथुरेने पिशवीतून काढून दिली आणि साहेबांनी नोंद केली. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. तेवढ्यात साहेब म्हणाले, "ठीक. आता चालवून दाखवा. इथून फाटकापर्यंत, गिअर बदलत, आणि परत."

आवार सपाट होतं. उतार कुठेच नव्हता.

दत्ताराम गाडीजवळ गेला. हॅण्डल धरलं. किककडे बघितलं. ताठ पाय उचलायचा प्रयत्न केला आणि खाली ठेवला. फाटकाबाहेर बाजारची माणसं जमू लागली होती. कुणी नारळाची पाटी घेऊन, कुणी कोंबडी बगलेत मारून.

"गाडी तापली आसा," तो पुटपुटला.

"सकाळपासून सावलीत उभी आहे," साहेब म्हणाले. मग त्यांचं लक्ष त्या पायाकडे गेलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "दत्ताराम, खरं सांगा. ही गाडी चालवतं कोण?"

मथुरा खाली मान घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. 'मीच चालवतो' म्हणून सांगणं दत्तारामला सोपं होतं. गाडी गेली असती, पण अब्रू राहिली असती.

"ती," तो म्हणाला. "माझी बायल. सात वर्सां तीच चलयता. मीच तिका सड्यावर शिकयलंय. तळेऱ्यात येवच्या आदी मोरीकडे आमी थांबताव आणि मी फुडे बसतंय. लोक हसतीत म्हणान."

माझ्या सगळ्या चौकशांचं उत्तर सात वर्षं माझ्यासमोर छत्रीने मांजरं हाकलत होतं!

साहेब मथुरेकडे वळले. "बाई, दाखवा."

तिने पदर खोचला. एका लाथेत गाडी सुरू केली, एकाच. गाडी निघाली. पहिला, दुसरा, तिसरा. फाटकाशी येताच गिअर उतरवत तिथल्या आंब्याच्या झाडाभोवती मोठा वळसा घेऊन ती परत आली आणि टेबलापासून हातभर अंतरावर थांबली. धूळसुद्धा उडाली नाही. साहेबांनी गाडी पास केली आणि मग विचारलं, "लायसन?"

"नाय."

"मग शिकाऊ लायसनचा अर्ज भरा." ते दत्तारामकडे वळले. "तुमचं आहे?"

"माझा जुना आसा. पडच्या आदीचा." त्याने ते कापडाच्या पुरचुंडीतून काढलं. साहेबांनी उलटसुलट करून बघितलं. मुदत होती.

अर्ज मी भरला. 'व्यवसाय' या रकान्यात सवयीने 'घरकाम' लिहायला गेलो, तर मथुरेने माझा हात धरला. "कलमा बांधणा लिवा, मास्तर. काडयो मीच काडतंय झाडावर चढान." मी निमूटपणे लिहिलं.

तासाभरात शिक्का बसला. "नीट ऐका," साहेब म्हणाले, "शिकाऊ माणसाबरोबर पक्कं लायसन असलेला माणूस बसलाच पाहिजे. दत्ताराम, तुम्ही मागे बसायचं. नाही बसलात तर दंड करीन. आजपासूनच."

दत्ताराम त्यांच्याकडे बघत राहिला. बायकोच्या मागे बसणं त्या माणसाने सरकारी हुकूम करून टाकलं होतं, हे त्याला कळलं होतं. त्याने हात जोडले.

मी पोस्टाकडे परतत होतो; तीन रस्ते मिळतात त्या तिठ्यावर गाडी माझ्याजवळून आली तेव्हा बाजार भरात होता. एस.टी.च्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "काय रे दत्तारामा, बायलेच्या मागे?" दहा-बारा जण हसले. माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्या ओरडणाऱ्याच्या अंगावर धावून जायच्याच बेतात होतो.

दत्तारामचे दोन्ही हात त्याच्याच मांडीवर होते. कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. मागे बसून पोतं धरायची मथुरेची सवय त्याला नव्हती.

"धरा घट," मथुरा मागे न बघता मोठ्याने म्हणाली. "चढ इलो."

भर बाजारात, सगळ्यांच्या देखत, दत्तारामने आपला हात बायकोच्या खांद्यावर ठेवला. तळेऱ्यात असं कोणी करत नसे. तिने गिअर टाकला आणि गाडी वैभववाडीच्या रस्त्याला लागली.