अंगावर काढलेलं

इस्त्रीच्या दुकानात तिला सगळे 'मेणाची' म्हणत. नाव आईनंच ठेवलेलं. दिवसभर तापल्या इस्त्रीशी झुंजणाऱ्या बाईला मेणाची म्हणायचं म्हणजे थट्टाच, पण आईच्या थट्टेला धार असे. पाळी आली की ही टेबल धरून वाकायची, घामाघूम व्हायची आणि मागच्या खोलीत गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून पडून राहायची. पुढे आई एकटी कपड्यांचा डोंगर उपसत बडबडायची, "आम्हाला काय पाळी येत नव्हती? आम्ही नाही कधी एवढा बाऊ केला."

बाऊ! शाळेत असल्यापासून हा शब्द तिच्या वाट्याला आलेला. आधी पाळीतच दुखायचं, मग पाळीच्या आधीही दुखायला लागलं. शौचाला बसलं की आतून सुरी फिरवल्यासारखी कळ यायची. लग्नानंतर नवऱ्याच्या जवळ जाणंही दुखायला लागलं, आणि हे सांगायचं तरी कोणाला? मूल होत नव्हतं ते वेगळंच. एका डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, काही दिसलं नाही, तेव्हा "सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका" म्हणून गोळ्या लिहून दिल्या. आईच्या हातात आयतं कोलीत मिळालं. "बघ, मशीनसुद्धा माझ्याच बाजूनं बोलतंय!" गिऱ्हाइकं हसली. लेकही हसली, कारण हसण्यावारी न्यायची तिला सवयच झाली होती.

दुकानात कधी कपडा जळाला नव्हता, याचा आईला कोण अभिमान! एक दिवस तोही गेला. अशी कळ आली की लेकीच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. शुद्धीवर आली तेव्हा ती जमिनीवर होती आणि टेबलावर कोणाच्या तरी पांढऱ्या शर्टाला इस्त्रीचा तपकिरी ठसा उठला होता. आईनं आधी इस्त्री उचलली, मग लेकीला. आधी इस्त्री उचलणंच शहाणपणाचं, हे लेकीला कळत होतं. तरी तिला फार लागलं.

नवऱ्यानं दुसऱ्याच दिवशी तिला मोठ्या हॉस्पिटलात बायकांच्या डॉक्टरकडे नेलं. एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे म्हणून आईही आली आणि लेकीबरोबर आत जाऊन उभी राहिली.

पोट तपासता तपासता डॉक्टरीणबाई थांबल्या. बेंबीखाली कातडीवर तपकिरी रेघांची जाळी होती.

"हे कशानं?"

"धंद्याचा डाग आहे," आईच पुढे होऊन म्हणाली. "टेबलाची धग लागते. इस्त्रीवाल्यांना असायचाच."

बाईंनी लेकीला कुशीवर वळवलं. कमरेवर मागेही तशीच जाळी.

"टेबल मागूनही लागतं का?"

आईनं वाकून ती जाळी पाहिली.

"गरम पिशवीचा आहे," लेक हळूच म्हणाली. "पोटाला धरते, मग पाठीला. अगदी भाजेपर्यंत. वरून भाजलं की आतलं कमी कळतं."

बाई खुर्ची ओढून बसल्या. कधी दुखतं, कुठे दुखतं, शौचाला त्रास होतो का, नवऱ्याजवळ जाताना दुखतं का, असं आजवर कोणीच विचारलं नव्हतं. ती सांगत गेली. आई मान खाली घालून ऐकत होती.

"फार वर्षं अंगावर काढलंत तुम्ही," बाई शेवटी म्हणाल्या. हे सगळेच म्हणतात. हिच्या बाबतीत मात्र त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

पुढे एमआरआय झाला, मग दुर्बिणीचं ऑपरेशन. गर्भाशयाच्या अस्तरासारखंच अस्तर बाहेर, नको तिथं वाढलं होतं. याला एंडोमेट्रिऑसिस म्हणतात, साध्या सोनोग्राफीत ते पुष्कळदा दिसत नाही, असं बाईंनी समजावलं. काढता आलं तेवढं काढलं होतं. ते परत येणारच नाही किंवा मूल होईलच, असा शब्द त्यांनी दिला नाही, पण दुखणं आटोक्यात ठेवता येईल म्हणाल्या. कधीकधी आई, मावशी, बहीण अशा एकाच घरातल्या बायकांना हा आजार असतो, असंही बोलता बोलता सांगितलं. आजाराचं नाव ऐकून लेक ढसाढसा रडली. ती घाबरली नव्हती. आपण खोटं बोलत नव्हतो, याचा पुरावा आज पहिल्यांदा तिच्यापाशी होता.

घरी आल्यावर मेणाची हा शब्द आईच्या तोंडून गेलाच. एका दुपारी तिनं दुकान मधेच बंद केलं, मागच्या खोलीत आली आणि दार लावून लेकीच्या उशाशी बसली. मग तिनं स्वतःच्या पोटावरचा कपडा वर सरकवला.

सैल पडलेल्या कातडीवर जुनी, विटलेली जाळी होती.

"आई, हे तर..."

"मला खरंच धंद्याचा वाटायचा गं," आई म्हणाली. "रात्री फडकं तापवून धरायचे, ते विसरूनच गेले होते. तुझ्यानंतर दुसरं काही राहिलं नाही, तेही नशीब म्हणून सोडून दिलं."

लेकीनं तिचा हात धरला.

"बाईंना एक विचारशील?" आई म्हणाली. "माझी पाळी कधीच गेली, आता काही दुखत नाही. औषध नको मला. मलाही तेच होतं का, एवढं फक्त विचार."