परसाकडं कवा गेलीस?

कांदा काढायला आमी डोंगरातली माणसं खाली येडगावकडं उतरतो. यंदा मी आन सून आलो, मळ्याच्या कडंला पाल ठोकलं. आठच दिवसांत माझ्या पोटात कळ उठली. पोट तट्ट फुगलं, पाणी पण उलटून पडायचं. वरसूबाईचं नाव घेतलं, काय फरक न्हाई. मनात आलं, आपली देवी डोंगरावरची, तिला खालचं कुठं ऐकू येणार.

चौथ्या दिवशी सुनेनं मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. लई गर्दी. डॉक्टर पोरगेलासा, मान खाली घालून लिहीत व्हता. "आजी, संडास होते का?" मी म्हणलं, "हाय की." घरामागं पंचायतीनं बांधून दिलाय. ग्रामसेवक असंच इचारून लिहून नेतो, मला वाटलं तसंच काय तरी. त्यानं गोळ्या दिल्या आन पुढच्याला हाक मारली.

दारातच बसले. वाटलं, आता मरण हितंच, परमुलखात. भ्या न्हाई वाटलं. सुनेला मढं वर न्यायचा तरास, येवढंच.

फरशी पुसणारी बाई आली. "म्हातारे, पाय उचल."

"उचलंना गं."

माझी बोली ऐकून ती थांबली. "डोंगरातली का तू? मी बी तिकडचीच." पोटाकडं बघून म्हणली, "परसाकडं कवा गेलीस?"

"चार दिस झालं."

"वारा तरी सरतोय?"

"न्हाई."

"मंग डॉक्टरला सांगितलं का न्हाई, मुके?"

"त्यानं कुठं इचारलं? संडास हाय का म्हणला, मी हाय म्हणलं."

तिनं कपाळावर हात मारला, फडकं टाकलं आन आत गेली. "सायेब, म्हातारीला चार दिस परसाकडं न्हाई, वारा बी न्हाई!"

डॉक्टर पळतच आला. फोटू काढला. आतड्याला पीळ बसलाय, आजच कापावं लागंल म्हणला. कागदावर अंगठा मागितला. अंगठा उठवताना देवीला म्हणलं, बाई, आता माझं काय न्हाई, तुझं तू बघ. लई हलकं वाटलं.

वाचले. मागनं कळलं, त्या दिवशी त्या फरशीवालीची ड्युटीच नव्हती, दुसरीच्या बदली आली व्हती. देवीनं धाडली का आपसूक आली, मला काय समजत न्हाई. मी हात सोडायच्या आधीच मला धरणारी तिथं फरशी पुसत व्हती, येवढं खरं.

टाके काढायला गेले तवा दोन नारळ घेतले. एक वरसूबाईचा, एक हिचा.

"मला कशाला गं? मी काय देव हाय?" म्हणली. मंग पायरीवरच फोडला, अर्धा माझ्या हातात दिला. "आता व्हतंय का परसाकडं?"

"व्हतंय बाई. रोज व्हतंय."