वकीलसाहेबांच्या गाडीचा अ‍ॅक्सल

गॅरेजात किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही, ते आपोआप साचतात. कामठी रोडवरच्या आमच्या गॅरेजचेही खूप आहेत, पण फिरून फिरून विषय निघतो तो खाप्याच्या वकीलसाहेबांच्या गाडीचा. सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. गॅरेज शंकरभाऊ आणि दौलत या दोन दोस्तांचं. मी तिथं बॅटरी-वायरिंगचं काम करायचो.

*

गाडी इंग्रजांच्या काळातली. खड्ड्यात आदळून पुढचा अ‍ॅक्सल वाकलेला. वकीलसाहेब एवढंच म्हणाले, "पोरीची बिदाई याच गाडीतून करायची आहे."

"अ‍ॅक्सल काढाचा, सरळ कराचा, परत बसवाचा. होऊन जाते साहेब," शंकरभाऊनं सांगून टाकलं.

बोल्ट निघाले. अ‍ॅक्सल मात्र वरच्या कमानीला, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांना, गंजून असा चिकटलेला, की हलायला तयार नाही.

*

गंज सुटावा म्हणून दौलत त्यावर रोज रॉकेल ओतायचा. तेव्हा रॉकेलची टंचाई. एक दिवस शंकरभाऊची बायको, इंदूवहिनी, डबा घेऊन आली आणि बघतच राहिली.

"घरी स्टोवले थेंब नाही, अन् तुमी लोखंडाले पाजून राहिले?"

त्या दिवशी दोघा दोस्तांच्या डब्यात नुसती भाकर आणि चटणी होती.

*

मग एका ट्रकवाल्याला थांबवलं. अ‍ॅक्सलला साखळी बांधली, दुसरं टोक ट्रकला. ट्रकनं ओढ घेतली तशी अख्खी गाडीच ठोकळ्यांवरून उतरून ट्रकच्या मागं निघाली.

ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं. "कुठवर नेऊ भाऊ? कन्हानपर्यंत?"

दौलत आणि शंकरभाऊ हसून हसून खाली बसले. दोघांना सोबत हसताना मी पाहिलं ते तेवढंच शेवटचं.

*

लग्न जवळ आलं. दौलत म्हणाला, "आता गॅसनं तापवू."

"तापवलं तं कमानीचं पाणी उतरते, नरम पडते ते," शंकरभाऊ म्हणाला. " पोरीले घेऊन गाडी रस्त्यात बसली तं?"

"अन् तू घण मारून मारून अ‍ॅक्सल अजून वाकवून राहिला, त्याचं काय?"

दोघांचंही खरं होतं. पण शंकरभाऊ भलतंच बोलून गेला. "तुझं ऐकत बसलो असतो तं हे गॅरेज कवाच बंद पडलं असतं."

दौलतनं हातातला पाना पुसला, जागेवर टांगला. "मग चालव गा एकटाच."

थोड्याच दिवसांत तो हिंगण्याच्या एका कारखान्यात लागला.

*

पोरगी भाड्याच्या टॅक्सीतून सासरी गेली. शंकरभाऊ आणि मी माफी मागायला खाप्याला गेलो, तर वकीलसाहेबांनी आम्हाला पाटावर बसवलं.

"सुखरूप गेली, बस झालं. गाडीचं काय एवढं," ते म्हणाले. वाढता वाढता त्यांनी विचारलं, "दौलत नाही आला?"



*

पुढं एका दुपारी अ‍ॅक्सल निघाला. शंकरभाऊ एकटाच खाली झोपून झटत होता. लोखंड धाडकन जमिनीवर पडलं तसा तो आतूनच ओरडला, "दौलत, निघाला रे!"

गॅरेजात मीच होतो.

बाहेर येऊन तो थोडा वेळ टायरवर बसला. मग म्हणाला, "हिंगण्याले जाऊन त्याले सांगून ये."

"तुमीच काहून नाही जात?"

त्यानं बसभाड्याचे पैसे काढून माझ्या हातात ठेवले. मी गेलो. शिफ्ट सुटली, दौलत कंपनीच्या बसकडे निघाला होता. त्याला गाठून सांगितलं. मला वाटलं, विचारेल, तापवून निघाला की घणानं?

त्यानं विचारलं, "हाताले लागलं तं नाही ना त्याच्या?"

मी नाही म्हटलं. तो बसमध्ये चढला.

परत आलो तेव्हा शंकरभाऊ वाटच पाहत होता. "काय म्हणला?"

मी सांगितलं. तो उठून नळाशी गेला आणि हात धुवायला लागला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी धूतच राहिला.