साबणाला चिकटलेली वाळू

तळ्यावर तिला साबणवाली म्हणत, आणि तेही तोंडावर. होडीत जाळ्याआधी साबणाची वडी चढायची ना! ही सासऱ्यांची शिकवण. शिशाच्या वजनाला बुडाशी खळगा, त्यात साबण दाबायचा, दोरीनं तळाला टेकवून वर ओढायचा. काळा गाळ चिकटला तर पुढं व्हायचं. वाळू चिकटली तर तिथंच जाळं. मासा वाळूवर चरतो. सासरे हे शिकवत तेव्हा धाकटा दीर पत्ते कुटत बसलेला असायचा.

आता त्याच्याकडे यंत्र होतं. पडद्यावर तळ दिसे, मासे दिसत.

"वहिनी, अंघोळीला निघालात की धुणं काढलंय?"

"तुमचं तोंड धुवायचंय, भावजी. पण एवढ्याशा वडीत भागायचं नाही."

नवरा वारल्यापासून दिराचा होडीवर डोळा होता. यंदा पाणी उतरलं, वरचं कोमट झालं, मासा खोल दडला. दोन दिवस ती हात हलवत परतली. दिरानं धक्क्यावरच्या बर्फवाल्याला साक्षीला धरलं.

"उद्याही रिकाम्या आलात तर होडी माझी."

"आणि भरून आले तर या धक्क्याला तुमचा दोर बांधायचा नाही. कबूल?"

"कबूल!" तो हसला. बायकांच्या पैजेला काय घाबरायचं!

तीन दिवस पश्चिमेचा वारा लागला होता. झाडून सगळ्या होड्या वाऱ्यासोबत पूर्वेला गेल्या. ती एकटी वाऱ्याच्या तोंडावर, पश्चिमेच्या टेकडीखाली गेली. सासरे म्हणायचे, दुलई एकीकडे ओढली की दुसरीकडचे पाय उघडे पडतात. कोमट पाणी वाऱ्यानं पलीकडे लोटलं, की अलीकडे खालचं गार पाणी वर येतं आणि मासाही त्याच्यामागं येतो. साबणाला तांबडी वाळू लागली. एरवी बारा वाव खोल जाणारं जाळं तिनं पाचावरच सोडलं.

दुपारी ती धक्क्याला लागली तेव्हा होडी माशांच्या भारानं काठोकाठ पाण्यात बसली होती. दिराच्या पाटीत चार मासे, तेही बोटाएवढे.

"कुठं लागले?" हसू पार उतरलं होतं.

"पाण्यात."

त्याची नजर तिच्या पायाशी पडलेल्या वजनावर गेली. तांबडी वाळू टेकडीखालीच, हे तळ्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. बाजू कळली की उद्या यंत्र आणि मोठं इंजिन घेऊन तो तळ खरवडून काढणार. तो वाकला. तिनं आधीच वजन उचललं, पाण्यात बुडवलं आणि साबणावर हात चोळायला लागली. जाळ्यानं कापलेली बोटं झोंबत होती. फेस झाला, वाळू धक्क्याच्या फळ्यांच्या फटीतून खाली गेली.

"थेरडे, दाखव इकडं!"

"वहिनी म्हणा. आणि दोर सोडा."

त्यानं बर्फवाल्याकडे पाहिलं. बर्फवाला दिराचा दोर बांधलेल्या खुंटाकडे बघत राहिला.

दीर पाण्यात थुंकला. मग खाली बसून गाठ सोडायला लागला. ओली गाठ सुटेना. ती हातावरचा फेस तसाच सुकू देत त्याच्या डोक्यावर उभी राहिली.