जयवंताबाईंनी धुतलेला फिल्टर

वलगावच्या जयवंताबाईंचे हात कधी रिकामे नसत. सकाळी झेंडू तोडायचा, टोपल्या अमरावतीच्या बाजाराला लावून द्यायच्या आणि मग दिवसभर घर लख्ख ठेवायचं. मनोज, त्यांचा एकुलता मुलगा, काविळीनं गेला. तेरावं झाल्यावर त्यांनी भिंतीसुद्धा पुसून काढल्या. रडताना मात्र त्यांना कोणी पाहिलं नाही.

पुढच्या खोलीत मनोजची माशांची टाकी होती. आत वाळूत रोवलेली खरी झाडं आणि त्यांच्यामधून फिरणारे लाल-निळे बारके मासे. आता ती टाकी त्याची बायको वर्षाली सांभाळायची. माशांना खाऊ घालायची, पिवळी पानं कात्रीनं काढायची. एरवी ती कोणाशी फारसं बोलत नसे. सासू-सुनेत मनोजचं नाव निघतच नव्हतं.

दिवाळीनंतर वर्षाली चार दिवस अकोल्याला माहेरी गेली. पोरगी परत येईल तेव्हा तिला बरं वाटावं, म्हणून जयवंताबाईंनी टाकी साफ करायला घेतली. टाकीखालच्या कप्प्यातला फिल्टर उघडला तर स्पंज आणि चिनीमातीच्या बारक्या नळकांड्या तपकिरी चिकट थरानं माखलेल्या.

"बापा! या घाणीतून पानी फिरून राह्यलं होय!" त्या स्वतःशीच म्हणाल्या. सगळं साबणाच्या भुकटीनं घासलं, नळाखाली खळखळून धुतलं, उन्हात वाळवलं आणि पुन्हा बसवलं. टाकीतही नळाचं ताजं पाणी भरलं. टाकी आरशासारखी दिसू लागली.

वर्षाली आली त्या दिवशी मासे वर येऊन तोंड उघडत होते. काही उलटे तरंगत होते.

"आई, फिल्टर कोनं उघडला?"

"म्या धुतला. लय घाण बसली होती."

"साबनानं?"

जयवंताबाईंनी मान डोलावली.

"घाण नोती ते," वर्षाली हळू आवाजात म्हणाली. "त्यात जंतू रायतात. माशांच्या घाणीचं पान्यात विष होते, ते जंतू पचवतात. त्यायनं किती दिवस लावून ते वाढवले होते. त्यायच्या हातचं तेवढंच जितं रायलं होतं घरात."

तिनं पाणी बदलून पाहिलं, पण दोन-तीन दिवसांत एकही मासा उरला नाही. झाडं तेवढी हिरवी राहिली. जयवंताबाईंनी मेलेले मासे ओंजळीत घेऊन झेंडूच्या वाफ्यात पुरले. त्यानंतर त्यांच्या घशाखाली घास उतरेना.

"अवो, चुकून झालं," नवरा उत्तमराव समजावत होते. "किती दिवस असं करशीन?"

"चुकून झालं, पन माह्याच हातानं झालं नं?"

शेवटी जयवंताबाईंनी अकोल्याच्या शेखरला फोन लावला. तो मनोजचा मित्र, त्यालाही टाकीचा नाद. "शेखर, माह्या हातून मनोजचे मासे मेले बाबू. काही करता येते काय?"

रविवारी शेखर झाकणाची बादली घेऊन आला. बादलीत पाणी होतं आणि त्यात तशाच तपकिरी नळकांड्या.

"काकू, माही टाकी सुरूच होत नोती," तो म्हणाला. "मासे टिकत नोते. तवा मनोजनं आपल्या फिल्टरमधल्या अर्ध्या नळकांड्या मले आनून देल्या. त्याच्यावरच माही टाकी उभी रायली. त्यातल्याच ह्या. जंतू त्याच्याच टाकीतले आहेत."

जयवंताबाई बादलीपाशी खाली बसल्या. एक नळकांडी उचलली, तिच्यावरच्या बुळबुळीत थरावरून अंगठा फिरवला, आणि लेकरू गेल्यापासून अडून राहिलेलं रडू एकदम फुटलं. वर्षाली धावत आली. सासूच्या पाठीवर हात ठेवता ठेवता तीही रडायला लागली. शेखर तोंड फिरवून दाराशी उभा राहिला.

सावरल्यावर जयवंताबाईंनी विचारलं, "ह्यायले आता काय लागते?"

"काही नाई," शेखर म्हणाला. "साबन नाई, ऊन नाई, नळाचं ताजं पानी नाई, त्यातल्या क्लोरीननंही जंतू मरतात. गाळ साचला तर टाकीतल्याच पान्यात हलक्यानं खंगाळा. अन् मासे पायजेत, नाईतर जंतू उपाशी मरतात."

त्यानं नळकांड्या फिल्टरमध्ये बसवल्या आणि सोबत आणलेले थोडे मासे आदल्या दिवशी भरून ठेवलेल्या पाण्यात सोडले. पुढचे काही दिवस वर्षाली काचेच्या नळीत टाकीतलं थोडं पाणी घेऊन, त्यात बाटलीतलं औषध टाकून तपासायची आणि जयवंताबाई तिच्या खांद्यावरून वाकून बघायच्या. नळीतल्या पाण्याचा रंग हिरवट आला की विष आहे, पिवळा आला की ठीक. हिरवट रंग फिका होत होत एका सकाळी स्वच्छ पिवळा आला.

"आता जगतीन," वर्षाली म्हणाली. मग बाटलीचं झाकण लावता लावता, "त्यायले पयल्यांदा असा रंग आला, तवा त्यायनं मले झोपेतून उठवलं होतं."

"मले नाई सांगतलं कधी त्यानं," जयवंताबाई म्हणाल्या. "अजून काय काय करे तो? सांग नं."

वर्षालीनं पाट ओढला. बाजाराची गाडी येऊन दाराशी उभी राहिली, उत्तमरावांनी एकट्यानंच टोपल्या चढवल्या, आणि त्या दोघी टाकीसमोर बोलत बसल्या.