शालीतलं बिऱ्हाड

घरात उंदीर फार झालेत. पिंजरा लावायची वेळ आली की बायको कुजबुजते, "अहो, भजं अडकवा." मोठ्याने बोललं तर उंदीर ऐकतात, अशी तिची खात्री आहे. आठवडाभर भजी वाया गेली. आज माळ्यावरची पिशवी उघडली, तर माझ्या सत्काराच्या शालीत सहा गुलाबी पिल्लं झोपलेली. अंथरूण होतं माझ्या मानपत्राच्या चुऱ्याचं. त्यातला 'ज्ञानतपस्वी' हा शब्द तेवढा शाबूत होता. तो बहुधा उंदरिणीलाही पचला नसावा.

"लांब सोडून येऊ?" मी विचारलं.

"मरतील हो. डोळे उघडेपर्यंत राहू देत," बायको कुजबुजली. या वेळी, पिल्लांची झोप मोडू नये म्हणून.

ती शाल माझ्या खांद्यावर फोटो काढण्यापुरतीच होती. नंतर तिची घडीही कोणी मोडली नव्हती. आज पहिल्यांदाच ती कोणाला तरी ऊब देत होती. मला सत्काराच्या दिवसापेक्षा बरं वाटलं. पिशवी मी हलकेच जागेवर ठेवली आणि पिंजऱ्यातलं भजं काढून घेतलं.

"पुढच्या सत्काराला नाही म्हणू नका," बायको म्हणाली. "थंडी येतेय."