कन्हेरीच्या माळावरची बिननावाची झाडं

भिवातात्या गेल्याचा निरोप आला तेव्हा मी बारामतीच्या मंडईत वांग्यांच्या पाट्या उतरवत होतो. आमच्या कन्हेरीचे तात्या, ऐंशी कधीच ओलांडलेले, चहा पिऊन ओट्यावर बसले ते बसल्या जागीच गेले. मला रडू आलं. पण त्याच्याही आधी मनात आलं ते हे, की आता माझ्या आईचं झाड कुठलं ते कधीच कळणार नाही... माणूस गेल्याचं ऐकून आधी आपलंच सुचावं याची लाज वाटली. आता महिना उलटलाय, कबूल करायला हरकत नाही.

तात्यांनी जन्मभर मेंढरं राखली. गुडघे बोलायला लागल्यावर कळप मुलांच्या हवाली केला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या कारभारीण वारल्या. तिसऱ्या दिवशी राख सावडून नदीला न्यायची, तर तात्यांनी एक ओंजळ मागं ठेवली, गावाबाहेरच्या उघड्या माळावर खड्डा खणला, राख त्यात टाकली आणि वर कडुनिंबाचं रोप लावलं. त्यानंतर गावात कुणी गेलं की सावडायच्या दिवशी तात्या हजर. "समदी नदीलाच का म्हून? एक मूठ माळाला द्या की." पंचायतीनं जागेला होकार दिला. शेतात खतासाठी मेंढरं बसवतात तशी त्यांनी स्वतःच्या मुलांची मेंढरं पंधरा दिवस माळावर बसवून घेतली, आणि रोपं लागल्यावर त्याच मेंढरांना काठी उगारून हाकललं. मुलं म्हणायची, म्हातारा फितूर झाला!

माझी आई गेली तेव्हा मीही मूठभर राख दिली. प्रत्येक रोपापुढे तेलाच्या डब्याचा पत्रा कापून नावाची पाटी लावलेली असायची. आणि तिथंच चुकलं. उन्हाळ्यात जो तो कळशी घेऊन येई, आपल्या माणसाच्या रोपाला पाणी घाली आणि चालू लागे. ज्यांचं मागं कुणी उरलं नव्हतं त्यांची रोपं वाळली. वाळलेलं रोप म्हणजे माणूस दुसऱ्यांदा मेला, असंच गावाला वाटायचं. पण म्हणून परक्याच्या रोपाला कळशी कुणी वाकवली नाही. मीही नाही. आईच्या शेजारचं रोप डोळ्यांदेखत करपलं आणि मी उरलेल्या पाण्यानं पाय धुतले. तात्या बघत होते.

पाऊस लागल्यावर एके दिवशी मी मंडईतून परत आलो तर माळावर एक पाटी नाही. तात्यांनी मुलांना हाताशी धरून सगळी रोपं मातीच्या गड्ड्यासकट उचलली होती आणि सरमिसळ करून पुन्हा लावली होती. मी तावातावानं त्यांच्या दारात गेलो. "तात्या, माझी आई कुठाय?"

"हाय तिथंच, माळावर."

"पण कुठलं झाड?"

"समद्यांला पाणी घाल. तिला पोचतंय."

ज्या माणसानं शेकडो मेंढरं नुसत्या तोंडावरून ओळखली, त्याला रोपं ओळखू येत नसतील यावर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. सहा महिने मी त्यांच्याशी बोललो नाही. पाणी मात्र घालत राहिलो, सगळ्यांना. न घालून सांगतो कुणाला? गावानंही तेच केलं. रविवारी सकाळी माळावर कळशांची रांग लागायला लागली. आज तिथं सावलीत बसून भाकरी खाता येते. आईचं झाड कुठलं हे मी विचारायचं कधी सोडलं ते आठवत नाही. एखाद्या बुंध्याला टेकलो की बरं वाटतं, एवढं खरं.

तात्यांनी मुलांना सांगून ठेवलं होतं, "माझं रोप भायेरच्या माणसाच्या हातनं लावा. घरच्यांच्या पोटात ऱ्हायाचं न्हाय." मुलांनी ओंजळभर राख माझ्या हातात दिली. त्या दिवशी आणखी आठ-दहा रोपं लावायची होती, त्यांतल्या एकाखाली मी ती घातली. माळावरचं एक झाड कुणाचं आहे हे आता मला ठाऊक आहे, आणि इतकं जड काही मी आजवर पोटात ठेवलेलं नाही.

गेल्या रविवारी सणसरला दिलेली त्यांची लेक आली. काखेत कळशी, डोळे सुजलेले. "अण्णा, आमच्या तात्यांचं कंचं हो?"

तिच्यापासून चार हातांवर होतं. सांगून टाकावं असं फार वाटलं... बाप होता तिचा.

"समद्यांला घाला, ताई," मी म्हणालो.

ती रागानं बघत राहिली. अगदी मी बघितलं होतं तशी. मग पदर खोचला आणि पार कडेच्या, भलत्याच झाडापासून सुरुवात केली. मी विहिरीवर गेलो आणि तिची कळशी रिकामी झाली की भरून देत राहिलो.